होडीवालीचा शेवटचा चेहरा

सोमवार, ४ तारीख

पोचलो! नोकरी मिळाली, झोपायला जागा मिळाली, आणि जागा म्हणजे चक्क बाथटब. ताई, तू हे वाचशील तेव्हा पोट धरून हसशील. वही तुझीच. "पत्ता देत नाहीस, निदान कुठे कुठे उंडारतोस ते लिहून तरी ठेव," म्हणाली होतीस. म्हणून पहिल्या पानापासून तुलाच सांगतोय.

तर घर असं. खाली दुकान, वर तीन खोल्या. दुकान न्हाणीघराच्या सामानाचं, दोघा भावांच्या वडिलांचं. वडील गेले, दुकान बंद पडलं, माल मात्र जिथल्या तिथे. मोठ्या काचेमागे पांढरे टब ओळीने मांडलेत, भिंतीवर नळच नळ, आणि एकालाही पाणी नाही. रस्त्याने जाणारे अजून काचेला नाक लावून बघतात. मधला एक टब तेवढा गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी खरोखर जोडलेला आहे, गरम-गार दोन्ही. तोच सगळ्यांत लांब, म्हणून मी गादी त्यातच टाकली. ट्रकवर क्लीनर होतो तेव्हा ताडपत्रीवर झोपायचो, सर्कशीत तिकिटं फाडायचो तेव्हा उंटाच्या शेजारी. (उंट झोपेत दात खातो, हे कुणाला माहीत नसतं.) त्या मानाने इथे राजेशाही थाट.

वर राहतात ते दोघे भाऊ, थोरले आणि धाकटे. आख्खी गल्ली त्यांना तसंच म्हणते, मीही म्हणतो. दोघे मिळून कॉम्प्युटरवरचे खेळ बनवतात. पळापळी, ढिशुम-ढिशुम असले नाहीत. हा खेळ वाचायचा असतो. मागे चित्र, पुढे एक माणूस उभा, खाली त्याचं बोलणं. बटण दाबलं की पुढचं वाक्य येतं. मध्येच दोन पर्याय येतात, एक निवडला की गोष्ट तिकडे वळते. थोरले गोष्ट लिहितात, धाकटे चित्रं काढतात, आणि मी खेळून चुका सांगायच्या. मी आधीच कबूल केलं की साहेब, आपली शाळा अर्धवट राहिलीये. थोरले म्हणाले, तेच बरंय, शिकलेला माणूस चूक मनातल्या मनात दुरुस्त करून पुढे जातो, तू जे असेल ते वाचशील.

खेळायचा पगार! आपल्या खानदानात अशी नोकरी कुणी केलीये?

मंगळवार, ५ तारीख

वरची एक खोली मला कामाला दिलीये, तिथे बसून आज दिवसभर खेळलो. खेळ छोटासाच आहे, जेवून जरा आडवं व्हावं तेवढ्या वेळात संपतो. गोष्ट अशी की एका राज्यात काळं तळं आहे, अर्धं गोठलेलं. पलीकडच्या काठावर राजवाडा. राजपुत्राला म्हणजे मला मुकुटासाठी पलीकडे जायचंय. नेणारी एकच, होडीवाली. आणि तळ्याची अट ही की प्रत्येक खेपेला एक जीव त्याला द्यायचा.

राजपुत्राने तिला शाल द्यायची की नाही, वल्हं हातात घ्यायचं की नाही, परत फिरायचं की नाही, हे मी निवडायचं. शेवट तीन आहेत. एकात मी राजा होतो, एकात भिकारी, एकात सगळं विसरतो. होडीवाली मात्र तिन्हींत बुडते. मी थोरल्यांना विचारलं की एखाद्या शेवटात ती वाचली तर काय बिघडेल? ते म्हणाले, मग तिचा शेवटचा चेहरा वाया जाईल.

ते खरंच आहे म्हणा. तिचे चेहरे धाकट्यांनी वेगवेगळे काढलेत. हसरा, शंकेखोर, रागावलेला, घाबरलेला. पण शेवटचा, पाण्याखालून वर बघणारा... ताई, मी पाहिला आणि माझा स्वतःचाच श्वास अडकला. डोळे सताड उघडे. तोंडातून एक बुडबुडा निघतोय. ज्यांनी ज्यांनी खेळ आधी चाखून पाहिला ते सगळे म्हणे याच चित्राबद्दल बोलतात. मी धाकट्यांचं तोंडभर कौतुक केलं. ते पेन्सिलीला टोक काढत राहिले. टोक मोडलं तरी काढत राहिले.

कामाची एक युक्ती शिकलो. "पळव" नावाचं बटण आहे. ते धरून ठेवलं की आधी वाचलेली वाक्यं भराभरा निघून जातात, आणि न वाचलेलं काही आलं की खेळ आपोआप थांबतो. म्हणजे नवीन काय तेवढंच बघायचं. आयुष्याला असं बटण पाहिजे होतं राव. सगळे एसटीस्टँड, सगळे मुकादम, सगळ्या खानावळी नुसत्या पळवल्या असत्या.

गुरुवार, ७ तारीख

पहिली चूक सापडली! पळव धरून बसलो होतो, बाहेर एक माणूस शिडीवर शिडी बांधून दिव्याचा खांब रंगवत होता ते बघत होतो, तेवढ्यात खेळ थांबला. होडी तळ्याच्या मधोमध. होडीवालीचा हसरा चेहरा. खाली वाक्य:

पाणी कोमट होतं.

आता तळं अर्धं गोठलेलं, राजपुत्राच्या मिशीवर बर्फ, आणि ही म्हणते कोमट. संध्याकाळी चहाला तिघे बसलो तेव्हा मी ऐटीत सांगितलं. धाकट्यांची बशी पडून फुटली. थोरल्यांनी मात्र माझ्या पाठीवर थाप मारली, म्हणाले, तुझे डोळे कामाचे आहेत, असलं काहीही दिसलं की आधी मला सांगायचं, बाहेर कुठे बोलायचं नाही. लगेच उठून त्यांनी ते वाक्य काढूनही टाकलं.

ताई, मला आजवर कुठल्या मालकाने शाबासकी दिली होती? सर्कशीत तर उंटाला माझ्याआधी जेवण मिळायचं.

शनिवार, ९ तारीख

सकाळी झाडलोट करायला एक मावशी येते. तोंडाने फटकळ, पण माझ्यासाठी रोज घरून काहीतरी डब्यात बांधून आणते. मी टबात झोपतो हे तिला आवडत नाही. आज म्हणाली, मेल्या, तिरडीवर झोपल्यासारखा दिसतोस, दुसरीकडे टाक की ती गादी. मी म्हटलं, मावशी, जळतेस माझ्यावर. ती हसली नाही.

माझ्याआधी इथे एक मुलगी हेच काम करायची म्हणे. मावशी तिला पोरगीच म्हणते. दिवसभर बडबड, गाणी. एके दिवशी मावशी आली तर पोरगी नाही. थोरले म्हणाले, न सांगता गेली, आजकालच्या पोरांचं हे असंच. मावशीने मला खालच्या आवाजात विचारलं की जाणारं माणूस चपला ठेवून जातं का रे? अजून आहेत त्या जिन्याखाली.

मी पाहिल्या. निळ्या पट्ट्यांच्या. माझ्याही एकदा चपला राहिल्या होत्या, तंबूला आग लागली तेव्हा. पण तेव्हा आग होती.

खेळात एक फरक दिसला. होडीवाली पहिल्याच दृश्यात, काठावर उभी असताना, तिचे केस ओले आहेत. आधी नव्हते. धाकट्यांनी नव्याने काढले असतील.

सोमवार, ११ तारीख

आज परत थांबला. होडीवाली शंकेखोर चेहऱ्याने:

डोळे मिटू नकोस म्हणाले. एकदा झालं की सोडतो म्हणाले.

म्हणाले म्हणजे कोण? होडीत तर राजपुत्र एकटाच, आणि त्याचा म्हणजे माझा एक शब्द नाही. सांगितलं. थोरल्यांनी काढून टाकलं. नंतर वरच्या खोलीचं दार लावून दोघा भावांचं कडाक्याचं वाजलं. मी जिन्यात होतो, मुद्दाम नाही, माझ्या चपला शोधत होतो. थोरले विचारत होते की हे तूच लिहितोयस ना, मन हलकं करायला? धाकटे शपथा घेत होते, रडत होते. मग थोरले एकदम मऊ आवाजात म्हणाले की वेड्या, काम पूर्ण होऊ दे, पुढच्या खेळानंतर आपण दोघे हे घरच विकून टाकू.

मला वाटलं वडिलांची आठवण निघाली असेल. भावाभावांत मी कशाला पडू?

बुधवार, १३ तारीख

आज हसून हसून पुरेवाट. पळव, पळव, पळव, आणि थांबला. घाबरलेला चेहरा:

नळ बंद करा.

नळ! राजवाड्याच्या काळात! मी चहाच्या आधीच थोरल्यांच्या खोलीत गेलो, म्हटलं थोरले, तळ्याला नळ बसवलात की काय, खाली दुकानातला एखादा दिलात वाटतं. स्वतःच्याच विनोदावर मीच हसलो. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, जसं खाटीक बकऱ्याकडे बघतो ना, किती निघेल, तसं. मग हसले. म्हणाले, चेहरा बोलका आहे रे तुझा. पुढच्या खेळात नायक तूच. धाकटे फोटो काढतील, त्यावरून चित्रं. वाक्य त्यांनी माझ्यासमोर पुसलं.

ताई, तुझा भाऊ नायक!

एक गोष्ट मात्र लक्षात आली. इथे आल्यापासून दोघांपैकी एकानेही माझ्या खुर्चीत बसून खेळ खेळलेला नाही. थोरले शब्दांचीच फाईल उघडतात. धाकटे माझ्या खोलीच्या उंबऱ्यावरूनच बोलतात, पडद्याकडे पाठ करून.

गुरुवार, १४ तारीख

फोटो काढले. हसरा, शंकेखोर, रागावलेला, सगळे झाले. घाबरलेला जमेना. मला हसूच फुटत होतं. थोरले म्हणाले, जाऊ दे, भीती मागून आणता येत नाही, ती आली की येते. शेवटचा चेहरा सोमवारी करू. खाली, मधल्या टबात. मी म्हटलं, अहो, ते माझं अंथरूण आहे! तर म्हणाले, गादी काढ, तोंड जरा वेळ पाण्याखाली धरायचं, वर बघायचं. आणि काळजी घेतल्यासारखं पुढे म्हणाले की सर्दी व्हायची नाही तुला, पाणी कोमट ठेवू.

मी हो म्हणून खाली आलो. गादीवर बसलो. बसलो आणि उठलोच.

कोमट.

शुक्रवार, १५ तारीख

काल टबात झोपलो नाही. जिन्याखाली बसलो होतो, त्या चपलांजवळ.

सकाळी मावशी आली. तिला हात धरून माझ्या खोलीत नेलं, खेळ लावला. होडीवाली काठावर आली, हसली. समोरचा एक दात तुटका. ताई, तो आधी तुटका नव्हता, सरळ होता, मी शपथेवर सांगतो. मावशी मटकन खालीच बसली. म्हणाली, ही पोरगी आहे. तो दात सायकलवरून पडून मोडला होता तिचा, मलाच दाखवायची, बघ मावशी यातून शिट्टी वाजते. मग पदर तोंडात कोंबून रडली, आवाज पलीकडच्या खोलीत जाऊ नये म्हणून.

मी पळव धरलं. राजपुत्र, काठ, होडी, सगळं सुळकन गेलं. मधोमध थांबलं. यावेळी चेहरा रागावलेला. आणि तळ्याकडे नाही, माझ्याकडे बघत.

परत त्यांना सांगशील?

मावशीला वाचता येत नाही. तिने विचारलं, काय म्हणते पोरगी? मी म्हटलं, काही नाही.

शनिवार, १६ तारीख

सगळं लावून पाहिलं. दोघांनी तिचेही असेच चेहरे काढून घेतले. शेवटच्यासाठी खाली नेलं. एकाने मान धरली असेल, दुसऱ्याने कॅमेरा. अजून थोडं, अजून थोडं. चेहरा हवा तसा मिळेपर्यंत धरली. आणि मिळाला. तो चेहरा काढलेला नाहीच, तो झालेला आहे. मी त्याचंच तोंडभर कौतुक केलं होतं.

आणि तिने सांगायचा प्रयत्न केला. एकेक वाक्य. बाहेरून आलेला, ओळखीपाळखीचा नसलेला, एक मीच वाचणारा होतो. मी प्रत्येक वेळी ते वाक्य नेऊन त्यांच्याच हातात दिलं. चुका म्हणून. शाबासकीसाठी.

चौकीवर जाऊन काय सांगू? खेळातली बाई बोलली? कुठे बोलली, दाखव. काय दाखवू? मीच पुसायला लावलं सगळं.

मावशीला म्हटलं, आता येऊ नकोस इकडे. ती म्हणाली, तू पण चल बाळा, आत्ताच्या आत्ता. जायला हवं होतं. मी आयुष्यभर सगळीकडून निघूनच गेलोय, कुणी वाकडा शब्द बोललं तरी गेलोय. पण आता माझ्या पोटात काहीतरी पेटलंय ताई, ते विझल्याशिवाय पाय निघत नाही. ती काठावर कशी हसते! शिट्टी वाजवायची म्हणे त्या दातातून.

परत खेळलो. यावेळी खेळाने नवे पर्याय दिले.

त्यांना इथे बसव.
तू निघून जा.

मी पहिला निवडला. बोट जराही कापलं नाही.

सोमवार, १८ तारीख

झालं. सगळं क्रमाने लिहितो.

सकाळी थोरल्यांनी टबात पाणी सोडायला घेतलं. खालून आवाज येत होता. मी धाकट्यांना म्हटलं, पाणी भरेपर्यंत जरा बघता का, होडीवालीचा हसरा चेहरा बिघडलाय, एक दात तुटका दिसतोय. त्यांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. पण चित्रात खोट म्हटल्यावर राहवेना. म्हणाले, मी सरळ केला होता तो, माझ्या हाताने सरळ केला होता. उंबरा ओलांडून आले. खुर्चीत बसले.

मी मागे उभा राहून पळव दाबलं आणि दाबूनच ठेवलं.

काठ गेला. होडी गेली. ते म्हणाले, थांबव, दिसत नाही नीट. मी म्हटलं, थांबतं ते आपोआप, नवीन आलं की. थांबलं. पाण्याखालचा चेहरा पडदाभर. धाकट्यांनी तोंड उघडलं, ओरडायला, आणि तोंडातून एक बुडबुडा निघाला. कोरड्या खोलीत, कोरड्या खुर्चीत. मग पाणी. नाकातून, तोंडातून, शर्टावरून खाली. मान मागे गेलेली, जशी कुणी केसांना धरून ओढली असावी. डोळे सताड.

तोच चेहरा. हुबेहूब. धाकटे बुडाले.

मी कॉम्प्युटरचा प्लग काढू शकत होतो. पायाशीच होता. नाही काढला.

थोरले आवाज ऐकून धावत आले. भावाला हलवलं, ओरडले, मग पडद्याकडे बघितलं. मी इथे आल्यापासून पहिल्यांदा. पडद्यावर दोन पर्याय होते.

अजून थोडं.
अजून थोडं.

ते माझ्याकडे वळून म्हणाले, बंद कर, बाळा, बंद कर ते. बाळा! मी त्यांचा हात धरून बटणावर ठेवला. म्हटलं, निवडा ना थोरले, गोष्ट तुमचीच आहे. त्यांनी हात ओढला. तरी बटण दाबलं गेलंच.

थोरल्यांना बुडायला वेळ लागला. मी शेवटपर्यंत बघितलं. खोटं कशाला बोलू, मला गोड लागलं.

खाली नळ सुरूच होता. बंद केला. निघतो आता. तुझ्याकडेच येतो ताई.

सोमवार, तीच तारीख

पिशवी भरली होती. मन कसं पिसासारखं. वाटलं, तिला निरोप द्यावा. खुर्चीतल्यांकडे न बघता पडद्यापुढे उभा राहिलो, म्हटलं, झालं ना मनासारखं? आता सुटलीस.

होडीवाली काठावर. नखशिखांत ओली. चेहरा हसरा, तुटका दात. खाली वाक्य आलं.

त्यांनी मला एकदा बुडवलं.

मी बटण दाबलं.

तू तीनदा.

म्हणजे प्रत्येक वाक्य पुसलं तेव्हा ती — केस ओले — मला दिसत होतं, दिसत होतं मला —

प्लग उपटला. पडदा विझला नाही. पळालो.

मंगळवार

काय होतंय कळत नाही. जिना उतरलो, काचेचं दार उघडलं, रस्ता, रंगवलेला खांब, कोपरा. एसटीस्टँड दिसला. गाडी लागलेली. पायरीवर पाय ठेवला — आणि दुकानात. मधल्या टबाच्या कडेला उभा. मधलं काही नाही. येताना चाललोच नाही.

परत निघालो. खांब. कोपरा. परत टब.

पाणी भरलेलं. नळ मी बंद केला होता.

बुधवार बहुतेक

मावशी काचेबाहेर आली होती. हात हलवला, ओरडलो. तिने पाहिलंही, डोळे मोठे झाले तिचे, दाराकडे धावली — आणि एकदम अंधार. मावशी नाही. तो सगळा दिवस गेला. कुणीतरी दिवस धरून

कळलं. पळव दाबून ठेवलंय तिने.

खांब मी पाहिलाय. रस्ता पाहिलाय. स्टँड, गाड्या, खानावळी, सगळं आधीच पाहिलंय मी, एवढा भटकलो, ताई. पाहिलेलं सगळं पळतं. सकाळ पळते, भूक पळते. वही उघडली तेवढं दिसतं, मिटली की पुन्हा टब. थांबतं एकाच ठिकाणी. जे अजून पाहिलं नाही तिथे.

—

डोळे मिटून बसलो. डोळे मिटू नकोस म्हणते. आवाज मऊ आहे. दातातून शिट्टी येते बोलताना.

मी माफी मागितली. खूप वेळा. पहिली वाचली असेल तिने. पुढच्या सगळ्या पळवल्या.

—

गादी कुणी काढली

—

काचेत माझा चेहरा दिसतो. तो आला शेवटी, घाबरलेला. थोरले म्हणाले होते, आली की येते —

कडेवर बसलोय. पाय आत. मी नाही ठेवले. वही वर धरलीये, भिजू नये. मानेवर हात आहे, लहान हात, मुलीचा —

ताई, मी इथे आहे. दुकानात, मधल्या टबात. लिहून ठेव म्हणाली होतीस ना, कुठे आहेस ते. मला वाटलं होतं थंड असेल, पण ताई, ते तर को